गव्हाण आणि आंब्याची पेटी

दाणा माणसाचा आणि काड गुराचे, ही वाटणी कोकणात कोणी लिहून ठेवली नाही. तरी ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. रत्नागिरी जिल्ह्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात कापून झोडले की पेंढ्याची उडवी घराजवळ रचली जाई आणि जूनमध्ये नवे गवत उगवेपर्यंत गोठा तिच्यावर जगे.

या पेंढ्यावर हापूसचाही हक्क आहे. आंबा पिकविण्याची अढी पेंढ्याची, लाकडी पेटीतला थरही पेंढ्याचा. हंगाम मार्च ते मे. डोंगरावरचे गवत वाळून संपते, नेमक्या त्याच दिवसांत पेंढ्याला गिऱ्हाईक येते. शहरालगत दुभती जनावरे पाळणाऱ्याला तर तो विकतच घ्यावा लागतो. त्याच्यापाशी गुरे आहेत, शेत नाही. उलट पॉवर टिलर आल्यापासून अनेकांपाशी शेत आहे, बैल नाही. पेंढ्याचा जुना वाटेकरीच दावणीवरून गेला, तेव्हा पेंढा निव्वळ माल झाला.

माल विकण्यात पाप कसले, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. खाचरात राबणाऱ्याने दोन पैसे अधिक देणाऱ्याला पेंढा द्यावा, यात आम्हांला दोष दिसत नाही. परंतु मळणीच्या बैलाचे तोंड बांधण्यास जुन्या करारातील नियमशास्त्राने मनाई केली आहे. धान्य मालकाचेच, तरी राबणाऱ्या मुक्या जिवाचा त्यात वाटा आहे, असा त्याचा आशय आम्ही समजतो.

मग निवाडा कसा करावा? आमच्या मते एक साधी कसोटी पुरे आहे : ज्याला पर्याय आहे, त्याने मागे सरावे. पेंढा सकस नव्हे. त्यात प्रथिने शेकडा ३ ते ४च. तरीही माणसाला न पचणारे हे काड गाय पोटातील सूक्ष्म जीवांच्या बळावर पचविते आणि उन्हाळ्यात तग धरते. आंब्याखाली कागदाचे कात्रण चालते, पुठ्ठ्याची खोकीही आता रूढ झाली आहेत. गव्हाणीत कागद चालत नाही.

म्हणून हा प्रश्न शेतकऱ्याच्याच दारी टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. पेंढ्यातल्या पेटीचा हट्ट धरणारे आपण, आणि दूध महागले म्हणून कुरकुरणारेही आपणच. ज्याच्या गोठ्यात गुरे आहेत त्याने जूनपर्यंतचा वाटा आधी बाजूला काढावा. ज्याच्याकडे नाहीत त्याने शेजारच्या गोठ्याला आधी विचारावे. उरलेला पेंढा खुशाल विकावा. आणि कागदात आलेला हापूस आपण कमी अस्सल मानू नये.