पोहण्याच्या तलावाला दान द्यावे का?

यवतमाळात मंदिराच्या कळसासाठी पावती फाडताना फारसे कुणी कारण विचारत नाही. जलतरण तलावासाठी वर्गणी मागितली, तर पहिला प्रश्न येईल: हे धर्माचे काम आहे का?

आपल्या परंपरेत त्याचे उत्तर आहे. यज्ञयागाला ‘इष्ट’ म्हटले. विहीर, तळे, धर्मशाळा बांधण्याला ‘पूर्त’. दोन्ही धर्माचीच कामे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात संत गाडगेबाबांनी ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला, पुढे लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारल्या.

खरी अडचण पाण्याची आहे. निळोणा आणि चापडोह धरणांवर विसंबलेल्या यवतमाळ शहराने 2018 मध्ये भीषण टंचाई सोसली. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे पावणेपाच लाख लिटर पाणी मावते. तेच पाणी गाळून पुन्हा वापरता येते, तरी टंचाईत ही आकडेवारी बोचणारच.

पण दुसरी बाजूही जिवाचीच आहे. पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत उतरणारे पोर, काठावर दोर धरून उभा काका: गावोगाव पोहणे असेच शिकले गेले. काका नसेल, तर? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे तीन लाख माणसे बुडून मरतात. जीव वाचवणारे शिक्षण पूर्तातच मोडते.

मात्र तलाव सर्वांचा हवा. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सार्वजनिक पाण्यावरचा सर्वांचा हक्क बजावला. म्हणून देणगीदारांनी पावती घेण्याआधी दोन गोष्टी लेखी मागाव्यात: टंचाईतला पाण्याचा आराखडा आणि गरीब मुलामुलींना मोफत प्रवेश.