कसणारा हात आणि कागदावरचे नाव

शासनाने शेतकऱ्याला द्यावयाच्या अनुदानाची चर्चा बहुधा तिजोरीवरील भाराच्या अंगाने होते. तिच्या मुळाशी असलेला नैतिक प्रश्न बाजूला राहतो. ही रक्कम मालकीचा मान म्हणून दिली जाते, श्रमाची कदर म्हणून, की गरजेला आधार म्हणून? या तीन उत्तरांतून पात्र ठरणारी माणसे एकच असतील असे नाही.

तेलंगणात २०१८ साली ‘रयतु बंधू’ योजना सुरू झाली. तिने प्रत्येक हंगामास एकरी ४,००० रुपये देऊ केले आणि क्षेत्राला कमाल मर्यादा घातली नाही. साहजिकच एका एकराच्या धन्याला चार हजार, तर वीस एकरांच्या धन्याला ऐंशी हजार मिळू लागले. आणि तीच जमीन खंडाने कसणाऱ्याला काहीच मिळाले नाही. २०१९ साली सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीने एकराचे माप सोडले व पात्र कुटुंबाला वर्षाकाठी तीन हप्त्यांत ६,००० रुपये दिले. तेथे लहानमोठ्याचा भेद कमी झाला. परंतु पात्रतेचा आधार जमिनीची नोंद हाच राहिला. ओडिशाच्या ‘कालिया’ योजनेने मात्र वाटेकरी आणि भूमिहीन कुटुंबे यांनाही आपल्या कक्षेत घेतले.

नोंदीच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद आहे. कागद तोंड पाहून निर्णय देत नाही. प्रत्यक्ष कोण कसतो हे गावातल्या कोणा अधिकाऱ्याने ठरवावयाचे म्हटले, तर ओळख, जात आणि वशिला यांना वाव मिळतो. मनमानीपेक्षा अपुरा नियम बरा, हे म्हणणे सहज उडवून लावण्याजोगे नाही.

तथापि कागदाचा हा निःपक्षपातीपणा कागद खरा असेल तोवरच टिकतो. महाराष्ट्राच्या इतिहासात याचे मर्म सापडते. १९४८ च्या कूळकायद्याने ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व पुढे नेले आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरवून असंख्य कुळांना मालकीची वाट खुली केली. परंतु त्याच कायद्याच्या धाकाने पुढे जमीन लेखी देण्यास धनी बिचकू लागला आणि खंडाचे, बटाईचे करार तोंडी होऊ लागले. ज्याच्या रक्षणासाठी कायदा झाला, त्याचाच वारसदार सातबाऱ्यावरून अदृश्य झाला. शेतात राबणाऱ्या पुष्कळ स्त्रियांचीही गत हीच आहे. उतारा पतीच्या नावाचा असतो.

तेव्हा कसणाऱ्याचे नाव लागावे म्हणून घाईने सक्ती केल्यास धनी त्याला जमिनीवरूनच काढील, ही भीती खरी आहे. म्हणून मालकी अबाधित राहील अशी हमी देऊन कसणुकीची वेगळी नोंद करणे, हा मार्ग उरतो. तो संथ व किचकट आहे. पण जे शासन कागदालाच न्यायाचे माप मानते, त्याच्यावर तो कागद वास्तवाशी जुळवून घेण्याचे उत्तरदायित्वही येते. ते टाळून वाटलेला निधी कायदेशीर ठरेल. मात्र जो घाम गाळतो त्याच्या दृष्टीने तो धन्यालाच दिलेला आणखी एक खंड असेल.