परक्या शहरात कोणाचे ऐकावे?

स्थानिकांच्या सांगण्यावरून शहर पाहणाऱ्याला शहराचे ज्ञान होते, की त्याच्या पदरी नुसता विश्वास पडतो? भारतीय दर्शनांत हा शब्दप्रमाणाचा प्रश्न आहे. चार्वाक प्रत्यक्षापलीकडे जायला तयार नाहीत. बौद्ध आणि वैशेषिक दुसऱ्याचे सांगणे अनुमानात जमा करतात. न्यायदर्शन मात्र शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानते, फक्त सांगणारा ‘आप्त’ हवा.

न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायन आप्ताकडून दोन गोष्टी मागतात: वस्तू त्याने स्वतः जाणलेली असावी आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांनाही सारखेच लागू आहे, असेही ते बजावतात. म्हणजे काशीच्या घाटांविषयी शास्त्रीबुवांइतकाच नावाड्याचा शब्दही प्रमाण ठरू शकतो. त्या काळच्या मानाने ही उदारता थोडीथोडकी नव्हे.

काशीतच मलइयो मिळतो. थंडीत दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे घुसळून वर आलेला फेस केशर-वेलचीसह कुल्हडात देतात. ऊन चढले की फेस बसतो. ‘थंडीत या, सकाळी लवकर जा’ हे तिथला माणूसच सांगू शकतो. ते खरे की खोटे, हे नैयायिकांच्या मते जाऊन फळ मिळाल्यावर ठरते. मीमांसक म्हणतात, बाधा येईपर्यंत ज्ञान प्रमाणच. प्रवासी व्यवहारात मीमांसकच असतो, नाहीतर पहाटे उठेल कशाला?

गोम आप्ताच्या दुसऱ्या अटीत, जाणले तसेच सांगण्याच्या इच्छेत आहे. रिक्षावाल्याला गल्लीन्‌गल्ली पाठ असते, पण साडीच्या दुकानाकडून त्याचे कमिशन ठरलेले असू शकते. घाटाची वाट सांगताना तो आप्त असतो. दुकान सुचवताना असेलच असे नाही. आप्तपण माणसाला कायमचे चिकटत नाही, ते विषयागणिक तपासावे लागते. शिवाय पदार्थ कुठे मिळतो हे सांगता येते. तो आवडेल, हे सांगणाऱ्याच्या जिभेचे मत असते.

ऐकणाऱ्याचे काय? छांदोग्य उपनिषदात उद्दालक गांधार देशातल्या माणसाचा दृष्टांत देतो. डोळे बांधून रानात सोडलेल्या त्या माणसाची पट्टी कोणीतरी सोडतो, दिशा दाखवतो आणि तो गावोगाव विचारत घरी पोहोचतो. विचारणारा शहाणा आणि बुद्धिमान असल्याचे तिथे मुद्दाम म्हटले आहे. आप्ताच्या लक्षणात ही अट येत नाही.