वाऱ्याचा पत्ता

आमच्याकडं म्हणतात, अंगावरून वारं गेलं. वाऱ्याला ना बाप, ना धनी. त्याच्यावर खटला भरता येत नाही. म्हंजे माणूस मेला तरी जबाबदार कुणीच नाही. सटवीनं कपाळावर लिहिलं होतं, खलास.

माझा सवाल एवढाच : टाळता येणाऱ्या मरणाला नैसर्गिक म्हणायचं का?

कपाळाच्या आत काय घडतं ते आता ठाऊक आहे. वर्षानुवर्षं ब्लडप्रेशर चढलेलं असतं. दुखत नाही, खुपत नाही. मेंदूतली बारीक रक्तवाहिनी कमजोर होते आणि एक दिवस फुटते. कुणाची फुटत नाही, रक्ताच्या गाठीनं तुंबते. बाहेरून दोन्ही सारखंच : तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड. पण गाठ विरघळवणारं औषध रक्तस्रावाच्या रोग्याला दिलं तर ते त्याचा जीव घेईल. फरक दाखवतो सीटी स्कॅन. १९७१ साली लंडनमध्ये त्यानं पहिल्या रोग्याचा मेंदू दाखवला. १९७९ साली त्या शोधाला नोबेल मिळालं. सटवीचं अक्षर वाचणारं यंत्र निघालं. पण ते शहरात, आणि रोगी खेड्यात.

गडचिरोलीचा हिशेब बघा. 'सर्च' संस्थेनं २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतली मरणं तपासली. १,५९९ पैकी २२९ पक्षाघातानं. एका कारणानं एवढी मरणं दुसरी नाहीत. आणि त्यातली शंभरातली ८७ घरीच. नस फुटली की तुंबली, हे घरात मेलेल्याचं कोण वाचणार?

शहाणे सांगतात : देश विकसनशील आहे, पैसा कमी, न्यूरोसर्जन कमी, दम धरा. मला हे निम्मंच पटतं. २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये इंटरॅक्ट-३ या चाचणीचा निकाल छापून आला. दहा देश, त्यात भारतही; मेंदूत रक्तस्राव झालेले सात हजारांवर रोगी. काय केलं? तासाभरात वरचं प्रेशर १४०च्या खाली आणायची धडपड केली. साखर आवरली, ताप उतरवला, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा असर उलटवला. नवं यंत्र नाही, भारी ऑपरेशन नाही. तरी मरणं घटली, अपंगत्व घटलं.

त्याच्याही आधी आहे प्रेशरची रोजची गोळी. जुनी, स्वस्त. पण ती घ्यायला मजुराला रोज बुडवावा लागतो. रोज बुडवून गेला आणि "गोळ्या संपल्या, पुढच्या आठवड्यात या" असं ऐकलं, तर तो पुन्हा कशाला जाईल? मग त्यालाच अडाणी ठरवायचं!

देश गरीब आहे, कबूल. पण गरिबी सांगून कुणाला निर्दोष सुटता येत नाही. जे महाग आहे त्याची वाट बघू. जे स्वस्त आहे ते कुणी अडवलं?

तेव्हा दोस्तहो, कुणी वारं गेलं म्हणालं की मान डोलवू नका. विचारा : प्रेशर शेवटचं कधी मोजलं? गोळी कोणत्या महिन्यात बंद पडली? का? वाऱ्याचा पत्ता तिथंच सापडतो.