उशिरा विझणारा प्रकाश

जामसंड्याहून देवगडच्या किनाऱ्यावर उतरलं की थंडीच्या तोंडाशी एखाद्या रात्री लाटा निळ्या उजळलेल्या दिसतात. नोव्हेंबर 2020 मध्ये त्याच्या बातम्याही झाल्या होत्या. नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाला पाण्याचा धक्का बसला की तो चमकतो. त्याला पाहायला बॅटरी लागत नाही; उलट बॅटरी लावली की तोच दिसेनासा होतो.

आपल्या पेशींना असा उजेड नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्या जवळजवळ पारदर्शक. आतला व्यवहार पाहायचा तर चमकणारा रेणू आत सोडून वरून प्रकाश टाकावा लागतो. मग पेशीतले मूळचे रेणूही मंद चमकू लागतात आणि हवं ते त्यात हरवतं.

इथे धातू उपयोगी पडतात. मध्ये युरोपियम, रुथेनियम किंवा इरिडियमचा अणू, भोवती सेंद्रिय रेणूंचं कडं, अशी ही संकुलं. पेशीची स्वतःची चमक काही नॅनोसेकंदांत संपते. युरोपियमची मिलिसेकंदापर्यंत टिकते. टाळी विरते, देवळातली घंटा घुमत राहते, तसंच हे. म्हणून प्रकाशाचा झोत मारायचा, क्षणभर थांबायचं आणि मग कॅमेरा उघडायचा. तोवर उरतो तो धातूचाच उजेड. नेमकं पाहण्यासाठी आधी थांबायचं, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

धातूचा उजेड जागा पाहूनही पेटू शकतो. 1990 मध्ये रसायनशास्त्रज्ञ जॅकलिन बार्टन, जाँ-पिएर सोवाज आणि सहकाऱ्यांनी रुथेनियमचं एक संकुल दाखवलं. पाण्यात ते विझलेलं असतं, डीएनएच्या थरांमध्ये शिरलं की पेटतं.

रुथेनियम-इरिडियमचा उजेडही रेंगाळतो, पण त्या रेंगाळण्याची दुसरी बाजूही आहे. जड अणूमुळे इलेक्ट्रॉन अशा अवस्थेत जातो जिथून परतणं अवघड असतं. त्या विलंबात शेजारून जाणारा ऑक्सिजन त्याची ऊर्जा उचलतो आणि स्वतःच इतका आक्रमक होतो की पेशीची मोडतोड करतो. ऑक्सिजन कमी असेल तिथे उजेड जास्त टिकतो, म्हणून कर्करोगाच्या गाठीतला ऑक्सिजन मोजता येतो. आणि तीच मोडतोड कर्करोगावर वळवावी म्हणून टीएलडी-1433 या रुथेनियम संकुलाच्या मूत्राशयाचा कर्करोग झालेल्या रुग्णांवर चाचण्या झाल्या. पाहण्याचं साधन आणि मारण्याचं साधन एकाच गुणातून आलेलं आहे. डोस आणि प्रकाश किती, एवढाच फरक.

म्हणून जिवंत पेशीचं रंगीत छायाचित्र छापताना तिच्यावर किती प्रकाश टाकला आणि त्यानंतर ती किती वेळ जगली, हेही चित्राखाली छापलं जावं.