कारंज्याच्या चार वेशी

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडच्या परकोटाला चार वेशी: दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस आणि दिल्ली वेस. दारव्हा आणि मंगरूळ शेजारची बाजारपेठेची गावं, पोहा तर तालुक्यातलंच खेडं. त्यांच्या पंक्तीला थेट दिल्ली बसलेली. एकाच तटात पोहा आणि दिल्ली यांना सारखाच मान देणारं गाव स्वतःला आडबाजूचं समजत नसणार, एवढं या नावांवरून नक्की म्हणता येतं. आज मात्र कारंजा म्हटलं की ‘कुठलं कारंजा?’ असा पहिला प्रश्न येतो.

या भागाला निसर्गाने नदीचं वैभव दिलेलं नाही. बाहेरचं पाणी आणून देणारी पैनगंगा जिल्ह्याच्या कडेकडेने जाते. बाकीच्या नद्या इथे जन्मतात आणि लगेच निघून जातात. अडाण, अरुणावती, पूस पैनगंगेकडे वळतात, म्हणजे अखेर गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळतात. काटेपूर्णा उत्तरेला उतरून पूर्णेला आणि पुढे तापीला मिळते. तिचं पाणी अरबी समुद्रात. एकाच माळावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो आणि उन्हाळ्यात गावं टँकरची वाट पाहतात. अशा जागी पेठ उभी राहिली ती रस्त्याच्या बळावर. वऱ्हाडचा कापूस, कापड आणि सावकारी यांची ये-जा इथून होई.

ही श्रीमंती केवढी होती, याची साक्ष इतिहासाने दिली आहे. 1670 मध्ये सुरतेवरच्या दुसऱ्या स्वारीनंतर शिवाजी महाराजांची फौज मोगलांच्या वऱ्हाडात शिरली ती कारंज्यावर. सोनं, रुपं आणि उंची कापड यांची लूट हजारो बैल-गाढवांवर लादून नेल्याची नोंद आहे. विसाव्या शतकात संपत्ती बाहेर पडली ती वेगळ्या वाटेने. किलिक निक्सन या कंपनीने उभारलेली अडीच फुटी रुळांची मूर्तिजापूर–यवतमाळ रेल्वे, आपली ‘शकुंतला’, कारंज्यावरून जाई. तिने वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या मार्गाला लावला आणि तिथून तो मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत गेला. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली. आता गाडी कित्येक वर्षं बंद आहे.

माणसंही इथून गेली. दत्तावतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींचा जन्म परंपरेप्रमाणे 1378 मधला, कारंज्याचा. पण त्यांचं नाव घेताच आठवतात नरसोबाची वाडी आणि गाणगापूर. जन्मस्थानी मंदिर झालं ते 1934 साली, साडेपाचशे वर्षांनी. आज दत्तभक्तांमुळेच गावात वर्दळ असते, आणि पर्यटनाच्या पुस्तिकेत कारंज्याला जागा मिळते तीही याच मंदिरामुळे. जवळचं काळविटांचं कारंजा-सोहोळ अभयारण्य कसंबसं दुसऱ्या ओळीत येतं.

मला मात्र कारंज्याची खरी ओळख वाटतात त्या तिथल्या जैन मंदिरांतल्या पोथ्या. बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची मंदिरं या एका गावात आहेत आणि भट्टारकांची, म्हणजे जैन धर्मगुरूंची, गादीही इथे होती. व्यापाऱ्यांनी नफ्यातला वाटा पोथ्या लिहवून घेण्यावर आणि जपण्यावर खर्च केला. शतकानुशतकं त्या बासनांत बांधून राहिल्या. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची 1926 मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा कारंज्याचा ठेवा अभ्यासकांच्या नजरेत भरला. मग प. ल. वैद्य आणि अमरावतीला संस्कृत शिकवणारे हिरालाल जैन यांनी एकेक ग्रंथ संपादायला घेतला: पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ 1931 मध्ये, ‘णायकुमारचरिउ’ 1933 मध्ये आणि कनकामराचं ‘करकंडचरिउ’ 1934 मध्ये. मालेचं नाव अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला. नाव कारंज्याच्या व्यापारी घराण्याचं.

हे ग्रंथ अपभ्रंशातले, म्हणजे प्राकृत आणि आजच्या आपल्या भाषा यांच्या मधल्या काळातले. मराठी कुठून आली हे समजून घ्यायचं तर त्या पायरीवर उभं राहावं लागतं. ‘करकंडचरिउ’मध्ये तर धाराशिवच्या लेण्यांचं वर्णन आहे! मराठवाड्यातल्या डोंगराची आठवण वऱ्हाडातल्या एका पेठेने जपली. लुटीत गेलेलं सोनं कुणाच्या कामी आलं, कापसाचा पैसा कुठे जिरला, ते शोधत बसावं लागेल. पोथीवर खर्च झालेला रुपया मात्र आजही व्याज देतो आहे.

म्हणून गाव लहान की मोठं, हे ठरवताना मी तिथली प्रेक्षणीय स्थळं मोजत नाही. रस्त्याने आलेल्या पैशाचं गावाने काय केलं आणि स्वतःची आठवण कशी जपली, हे पाहतो. जर्मनीत पाचसातशे वस्तीच्या खेड्यातही कुणीतरी चिकाटीने गावाचा वृत्तांत लिहीत असतो: पूर कधी आला, चर्चची घंटा कुणी दिली, शाळा कधी बंद पडली. आपल्याकडे गावाचा इतिहास पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवणीत उरतो. वाशिमला 1998 मध्ये अकोल्यापासून वेगळं काढून जिल्हा केलं, पुढे नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांत घातलं. तेव्हापासून या भागाचं वर्णन टक्केवारीत होतं. ते खोटं नाही आणि त्याची गरजही आहे. पण त्यात चवऱ्यांची ग्रंथमाला कुठल्या रकान्यात लिहायची?

आता समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून जातो. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला आणि गावाला पुन्हा मोठा रस्ता मिळाला. फरक एवढाच की, जुन्या रस्त्याला वेशीतून आत यावंच लागे, दिवस मावळला की मुक्कामही पडे. हा रस्ता कुंपणाआड, गावाला वळसा घालून धावतो. त्याच्या काठच्या जमिनींचे भाव वाढले, गोदामं येतील, सोयाबीनचे ट्रक भरभर सुटतील. या पैशातला थोडा वाटा पोथ्यांची छायाचित्रं काढून ठेवायला, पडक्या वेशींची डागडुजी करायला आणि कारंज्याच्या शाळांतल्या मुलांच्या हाती ‘करकंडचरिउ’ची सोपी मराठी आवृत्ती द्यायला लागावा. अंबादास चवरेंच्या नावाने ग्रंथमाला निघाली तेव्हा कारंज्याला महामार्ग नव्हता, अडीच फुटी रूळ होते.