पृथ्वीला विचारलं होतं का?

यंत्रमानवांच्या मारामारीतलं मला काही कळतं असा माझा दावा नाही. माणसांच्या मारामारीतसुद्धा मी आयुष्यभर दुसऱ्यांचे चष्मे आणि घड्याळं सांभाळायलाच उभा राहिलो. तरीही गेल्या आठवड्यात एका लोखंडी मारामारीनं माझी दुपारची झोप घालवली. आणि दुपारची झोप गेली की माणूस नीतिअनीतीचा विचार करू लागतो, हे आपण जाणताच.

त्याचं असं झालं. नातवाच्या शाळेला सुट्टी होती. आमच्या चिरंजीवांनी स्वतःच्या लहानपणाची हौस म्हणून ‘ट्रान्सफॉर्मर्स’ नावाच्या जुन्या अमेरिकन कार्टूनच्या तबकड्यांचा संच आणून ठेवला आहे. नातवानं त्यातली एक लावली आणि मला शेजारी बसवलं. एकट्यानं बघण्यात त्याला गंमत वाटत नाही. कारण समजावून सांगायला कुणीतरी अडाणी माणूस लागतो.

“आबा, हा लाल ट्रक आहे ना, तो चांगला. ते पिस्तूल वाईट.”

“आणि हा टेपरेकॉर्डर?”

“तोही वाईट. त्याच्या पोटातल्या कॅसेटी बाहेर येतात आणि त्यांचे पक्षी होतात.”

आमच्याही टेपरेकॉर्डरच्या पोटातल्या कॅसेटी बाहेर येत असत, पण फक्त फितीच्या रूपानं. असो.

एकंदर कथानक असं. सायबरट्रॉन नावाचा एक ग्रह आहे. तिथं सगळी यंत्रंच राहतात. त्यांच्यात दोन पक्ष. सज्जनांचा पक्ष ऑटोबॉट, त्यांचा पुढारी ऑप्टिमस प्राइम, म्हणजे तो लाल ट्रक. दुर्जनांचा पक्ष डिसेप्टिकॉन, त्यांचा पुढारी मेगाट्रॉन, म्हणजे पिस्तूल. भांडून भांडून ग्रहावरची ऊर्जा संपली, तेव्हा ही मंडळी ती शोधायला बाहेर पडली, वाटेतही भांडली, आणि यान पृथ्वीवरच्या एका ज्वालामुखीवर आदळून तिथंच गाडली गेली. चाळीस लाख वर्षांनी, म्हणजे 1984 साली, ज्वालामुखी खदखदला आणि मंडळी जागी झाली. चाळीस लाख वर्षांची झोप झाल्यावर शहाणा प्राणी आधी चहाची चौकशी करील. यांनी भांडण जिथं राहिलं होतं तिथून पुढं सुरू केलं. तेव्हाच माझी खात्री पटली की ही मंडळी परग्रहावरची वगैरे काही नव्हेत. ही चोख भाऊबंदकी आहे.

ही मालिका अमेरिकेत 17 सप्टेंबर 1984 रोजी सुरू झाली, ती खेळणी खपवण्यासाठी. जपानच्या ताकारा कंपनीनं मोटारीचा माणूस आणि पिस्तुलाचा माणूस होणारी खेळणी आधीच बनवली होती. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीनं ती घेतली आणि त्यांना नावं, स्वभाव आणि युद्ध मागाहून जोडून दिलं. म्हणजे कोण सज्जन आणि कोण दुर्जन हे ठरायच्या आधी कोण ट्रक आणि कोण पिस्तूल हे साच्यात ठरून गेलेलं होतं. तरी त्यातही कुणाचं तरी डोकं चाललंच आहे. मेगाट्रॉन एवढा महाभयंकर, पण पिस्तूल झाला की त्याला झाडायला दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो. युद्ध पुकारणाऱ्या पुढाऱ्यांबद्दल यापेक्षा नेमकं कुणी काय सांगणार?

आम्ही बघत होतो तो भाग पहिल्या हंगामाच्या सोळा भागांतला शेवटचा, नाव ‘हेवी मेटल वॉर’. त्यात मेगाट्रॉन ऑप्टिमसला आव्हान देतो. म्हणतो, सैन्यं कशाला लढवायची? आपल्या ग्रहाचा जुना कायदा आहे, तुझं-माझं द्वंद्व होऊ दे. जो हरेल त्यानं आपली माणसं घेऊन दूर अंतराळात वनवासाला जायचं. ऑप्टिमस कबूल होतो. युद्ध कायमचं मिटत असेल तर त्याला हवंच आहे.

आता मेगाट्रॉन सरळ खेळला तर त्याला मेगाट्रॉन कोण म्हणेल? त्यानं आपल्या सगळ्या साथीदारांच्या खास शक्ती आधीच स्वतःच्या अंगात भरून घेतल्या आहेत. समोर दिसतो एक, लढतात सगळे. शिवाय सज्जन मंडळी सामना बघण्यात गुंग असताना बुलडोझर, क्रेन, सिमेंट कालवणारी गाडी अशी सहा बांधकामाची यंत्रं जमिनीखालून त्यांच्या घराकडे निघाली आहेत. बिल्डरलोकांची ही पद्धत परग्रहावरही तीच आहे, हे पाहून मला गहिवरून आलं.

ऑप्टिमस हरतो. आणि हरल्यावर मुकाट्यानं निघण्याची तयारी करतो. लबाडीचा त्याला अजून पत्ता नाही. शब्द दिला, हरलो, निघालो.

इथं नातवानं पडद्यावरचं चित्र थांबवलं. “आबा, हा जातोय कशाला? सगळे मिळून मेगाट्रॉनला मारत का नाहीत?”

मी सरसावून बसलो. अशी संधी आजोबांना वर्षातून एकदा मिळते. म्हटलं, “बाळा, त्यानं शब्द दिलाय. शब्द म्हणजे शब्द!” आणि मग मी त्याला धर्मराज सांगितला. शकुनीचे कपटी फासे, भरलेली सभा, बारा वर्षांचा वनवास, वर एक वर्षाचा अज्ञातवास. भीमाच्या गदेला खाज सुटलेली, पण धर्मराज म्हणजे शब्दाचा पक्का. हरिश्चंद्र सांगितला. स्वप्नात दिलेलं राज्य त्यानं जागेपणी देऊन टाकलं. बोलता बोलता माझा आवाज खर्जात गेला, मान ताठ झाली. शब्द पाळणाऱ्या माणसांच्या रांगेत शेवटी एक जागा मी स्वतःसाठीही राखून ठेवलेली आहे. तिच्याबद्दल पुढं सांगतो.

नातवानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ऑटोबॉट गेल्यावर मेगाट्रॉन इथं काय करणार?”

“काय करणार? सगळी ऊर्जा लुटणार.”

“पृथ्वीवरची?”

“हो.”

“मग पृथ्वीला विचारलं होतं का?”

मी गप्प. स्वयंपाकघरातला कुकरही नेमका त्याच वेळी गप्प झाला आणि आतून आवाज आला, “विचार, विचार त्यांना! नीट विचार!”

त्या आवाजामागं 1979 सालची हकिगत आहे. पुण्यातल्या आमच्या वडिलोपार्जित वाड्यात तळमजल्याच्या दोन खोल्या आणि दारात नळ, एवढी आमची दौलत. तीत मी आणि माझे थोरले बंधू, दोन्ही बिऱ्हाडं मावेनात. शेवटी मोठ्या माणसांच्या साक्षीनं ठरलं, फुलपात्रात दोन चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याचं नाव निघेल त्यानं राहायचं, दुसऱ्यानं महिन्याच्या आत जागा सोडायची. चिठ्ठ्या दादांनी लिहिल्या. आत्याबाईंनी एक उचलली. निघालं दादांचं नाव. मी उभा राहिलो आणि एखाद्या संगीत नाटकातल्यासारखा म्हणालो, “शब्द म्हणजे शब्द. महिना कशाला? आठवड्यात जातो.”

ही बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. परत आली ती लहानग्याला घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत. पाणी खाली. पायऱ्या एकसष्ट. मी त्या कधी मोजल्या नाहीत. तिनं मोजल्या, कारण बादल्या तिच्या हातात असत.

पण माझा रुबाब काय वाढला म्हणता! नातेवाइकांत मी त्यागमूर्ती झालो. लग्नामुंजीत पंगतीला बसलो की कुणीतरी म्हणायचं, “यानं एका शब्दावर घर सोडलं हो!” मी नम्रपणे खाली बघायचो. पंगतीत वाढत असलेल्या हिच्याकडे मात्र कुणी बघत नसे. मीही नाही.

पुढं 2005 साली दादा आजारी होते. भेटायला गेलो तर म्हणाले, “एक सांगायचं राहिलंय. त्या दोन्ही चिठ्ठ्यांवर माझंच नाव होतं रे. तिसरं मूल व्हायचं होतं, कुठं जाणार होतो?” आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, त्यांच्याही आणि माझ्याही. भांडायचं तर कशासाठी? वर्षभरात बिल्डरचा बुलडोझर येऊन वाडाच गेला. मेगाट्रॉन हातात काठी घेऊन फ्लॅटमध्ये राहायला गेला.

कार्टूनमध्ये हे बरं असतं. नातवानं पुढं लावल्यावर लबाडी लगेच उघडकीस आली, दिलेला शब्द आपोआप रद्द झाला, पुन्हा तुंबळ झालं आणि दुर्जन मंडळी तापल्या लाव्ह्यात गडप झाली. वीस-बावीस मिनिटांत न्याय. मला सव्वीस वर्षं लागली. आमच्या कायद्यातसुद्धा सोय आहे. 1872 च्या करार कायद्याचं कलम 19 म्हणतं की फसवून घेतलेला करार फसलेल्या माणसाला मोडता येतो. आणि कलम 30 म्हणतं की पैजेचा करार मुळातच पोकळ. धर्मराजाला एखादा बरा वकील भेटला असता तर महाभारत सभापर्वातच आटोपलं असतं.

पण नातवाचा प्रश्न या कलमांत बसत नाही. मेगाट्रॉननं लबाडी केली नसती तर? चिठ्ठ्या दोन नावांच्या असत्या आणि तरीही दादांचंच नाव निघालं असतं तर? मग सगळं ठीकच झालं असतं का? लबाडाला दिलेला शब्द पाळावा की नाही, यावर आपण तासन् तास बोलतो. पण शब्द देताना आपण पणाला लावलं ते आपलं होतं का, हे विचारायचं राहूनच जातं. द्रौपदीनं भर सभेत विचारलं होतं, आधी स्वतःला हरलास की मला? भीष्मांसारख्या माणसाला उत्तर देता आलं नाही. धर्माची गती सूक्ष्म, एवढं म्हणून ते थांबले. हरिश्चंद्राचा शब्द खरा झाला, पण बाजारात उभी राहिली तारामती. दशरथाचा शब्द रामानं पाळला. उर्मिलेला कुणी विचारलंसुद्धा नाही. आपल्याकडे शब्द देणाऱ्यांच्या आरत्या होतात. बादल्या वाहणाऱ्यांच्या होत नाहीत.

मला ऑप्टिमस लबाड म्हणायचं नाही. उलट मेगाट्रॉनपेक्षा त्याच्यासारख्यांचीच भीती जास्त, कारण भला माणूस दुसऱ्याचं पणाला लावतो तेव्हा कुणाला संशय येत नाही. त्याच्या स्वतःच्या तर नाहीच नाही. मी सव्वीस वर्षं मिरवलं ते पुण्य निम्म्याहून अधिक हिच्या खात्यातलं होतं, आणि व्याज मी खाल्लं.

पुढं त्या बिचाऱ्या ऑप्टिमसवरही हीच पाळी आली. 1986 सालच्या चित्रपटात त्याला मारून टाकलं, कारण दुकानातल्या फळ्यांवर नव्या खेळण्यांना जागा हवी होती. मुलांना कुणी विचारलं नव्हतं. मुलं चित्रपटगृहात ढसाढसा रडली, इतका गहजब झाला की 1987 साली त्याला मालिकेत पुन्हा जिवंत करावं लागलं. विचारायला हवं होतं हे खेळणीवाल्यांना वर्षभरात कळलं. मला कळायला नातू नऊ वर्षांचा व्हावा लागला.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी धीर करून हिला विचारलं, “तेव्हा तुला विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस? सोडू नका म्हणाली असतीस?”

भांडी आवरता आवरता ती म्हणाली, “छे! सोडा म्हटलं असतं. दादांची ओढाताण मला काय दिसत नव्हती? वहिनींना तिसरा महिना लागला होता, हे तुम्हां भावांच्या आधी मला ठाऊक होतं.”

“मग गेलं काय विचारलं नाही म्हणून? व्हायचं ते तेच झालं.”

“तेच कसं? मी आपण होऊन बादली उचलणं आणि तुम्ही शब्द दिला म्हणून उचलणं, दोन्ही सारखंच वाटतं तुम्हाला?” तिनं ओटा पुसला, फडकं पिळलं. “आणि मी तिथं असते ना, तर एक चिठ्ठी निघाल्यावर दुसरीही उघडून पाहिली असती.”

ऑप्टिमसच्या गोटात अशी एक बाई असती, तर तो भाग पाच मिनिटांत आटोपला असता. खेळणी मात्र फारशी खपली नसती.